वाड्याच्या परसात खोदकाम निघालं की: देखरेखीला उभं राहणाऱ्यांसाठी

खानदेशात जुन्या वाड्याला हात लागतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष दर्शनी बाजूकडे असतं. कोरीव खांब, दिंडी दरवाजा, चौकातली फरशी यांचे फोटो निघतात, त्यांच्यावर चर्चा होते. काम मात्र सुरू होतं मागून. नवं संडास-बाथरूम, सेप्टिक टाकी, धाकट्या भावाच्या दोन खोल्या, गाडीचा शेड, सगळं परसात. आणि त्या घरानं शे-दोनशे वर्षं काय खाल्लं, काय फोडलं, पाणी कुठून शेंदलं, धान्य कुठं पुरलं, ते सगळं त्याच परसाच्या मातीत पडलेलं असतं. जेसीबी एका दुपारी ते उचलून ट्रॉलीत भरतो. ट्रॉली कुठल्यातरी खळग्यात रिकामी झाली की त्या मातीला पुन्हा काही विचारता येत नाही.

त्या दुपारी तिथं उभं राहायची ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वाड्याचे मालक, इतिहासाचे विद्यार्थी, नुकतेच कामाला लागलेले इंजिनिअर, गावातले शिक्षक, कुणीही. पुरातत्त्व शिकलेलं माणूस सोबत मिळालं तर फारच छान, पण मिळालं नाही म्हणून माती तशीच जाऊ देऊ नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. देखरेख म्हणजे उत्खनन नव्हे. खड्डा कुठं आणि किती खोल हे बांधकामाच्या गरजेवरून ठरतं, तुमच्या उत्सुकतेवरून नाही. तुम्ही फक्त चाललेलं खोदकाम बघता, गरज पडेल तिथं थांबवता, मोजता, लिहिता. ‘इथं अजून एक हात खाली बघू या’ असं म्हणून वेगळा खड्डा घेणं हे आपलं काम नाही. पुरातत्त्वीय उत्खनन परवाना असलेल्या संस्थेनंच करायचं असतं. इंग्लंडमध्ये १९९० पासून जुन्या वस्तीत बांधकामाची परवानगी देतानाच अशा देखरेखीची अट घालण्याची पद्धत रुळली आहे आणि तिचा खर्च बांधणाऱ्यानं करायचा असतो. आपल्याकडे खाजगी, असंरक्षित वाड्याच्या परसाला अशी अट सहसा लागत नाही. म्हणून इथं सगळं मालकाच्या राजीखुशीवर आणि ठेकेदाराशी आधी झालेल्या बोलण्यावर चालतं. ते बोलणं नीट झालं तर निम्मं काम झालं.

कागद आणि हद्दी

पहिल्यांदा वाडा कुठल्या संरक्षित स्मारकाच्या जवळ येतो का ते बघा. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये कुठलंही बांधकाम परवानगीनंच होतं. बळसाण्याची मंदिरं, चांगदेवचं मंदिर अशा ठिकाणी गावातल्या घरांनाही हा हिशोब लागू होतो. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे; त्याबाबत पुरातत्त्व संचालनालयाच्या नाशिकच्या विभागीय कार्यालयात विचारा. नगरपालिकेत जाऊन विकास आराखड्यातल्या वारसा यादीत वाड्याचं नाव आहे का हेही बघून घ्या. हे सगळं खोदकामाच्या आदल्या आठवड्यात नको, नकाशा मंजुरीला देण्याच्या आधी.

मग सिटी सर्व्हेचा उतारा आणि नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. जुन्या मोजणीत परस किती लांब होता, मागच्या बोळीला दार होतं का, शेजाऱ्याशी सामाईक आड होता का, हे त्यावरून कळतं. घरात जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं असतील तर त्यांतल्या चतुःसीमा वाचा. ‘पूर्वेस गोठ्याची भिंत’ एवढी एक ओळ पुढं फार उपयोगी पडते.

गाव कसं वसलं हेही माहीत हवं. धुळ्याचंच बघा. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्ज यानं इथं ठाणं करून सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. त्यामुळे आखीव गल्ल्यांमधल्या वाड्याच्या परसात एकोणिसाव्या शतकातल्या थरांखाली शेतजमीनच लागण्याचा संभव जास्त, तर जुन्या धुळ्यात त्याच खोलीवर त्याआधीची वस्ती असू शकते. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठच्या गावांत पुराचा गाळही मध्येच येतो. १८७२ च्या सप्टेंबरमध्ये गिरणा आणि पांझरेला आलेला पूर मोठा होता. काठावरच्या परसात मध्येच स्वच्छ, बारीक गाळाचा एकसारखा पट्टा दिसला की पुराचा विचार करा. तारीख मात्र त्याच्या वर-खाली काय सापडतं त्यावरूनच ठरवा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, विशेषतः आज्यांजवळ. परस हा बायकांचा वावर असलेला भाग. आड कधी बुजवला, पाणी तापवायचं चुलाण कुठं होतं, राख कुठं टाकायचे, बाळंतिणीची खोली कुठली, टोपलीच्या संडासांची मागची बोळ कुठून जायची, हे पुरुषांना बहुतेक वेळा सांगता येत नाही. त्यांना हाताला धरून परसात आणा आणि जागा दाखवायला सांगा. त्या दाखवतील तिथं चुन्याची खूण करा, नकाशावर घ्या.

ठेकेदाराशी बोलणी

ठेकेदार काही इतिहासाचा वैरी नसतो. त्याला तासाच्या भाड्याची काळजी असते. म्हणून मालकाच्या समोर आणि शक्यतो कागदावर ठरवा की जुनं काही लागलं तर मशीन किती वेळ थांबेल, आणि त्या वेळचं भाडं कोण देईल. हे आधी ठरलेलं नसेल तर ऐन वेळी वाद होतो आणि वादात माती जाते.

दुसरं, बादलीचं. जेसीबीच्या मागच्या बादलीला दात असतात. दातांनी माती उकरली जाते, थर फाटतात, कडा दिसत नाहीत. बिनदाती, सरळ पात्याची बादली मिळते. ती आणायला सांगा. नसेलच तर निदान वरचा काँक्रीट-डबर दातांच्या बादलीनं काढून खालचं काम मजुरांकडून करवून घ्या. परसात बहुतेक वेळा बोळीतून मशीन आत जातच नाही, सगळं टिकाव-फावड्यानं होतं. ती तर चांगलीच गोष्ट.

ड्रायव्हरला सांगायचं ते एवढंच: एका वेळी चार बोटं जाडीची माती, सपाट ओढत घ्यायची, खणलेल्या जागेवर चाक आणायचं नाही, मी हात वर केला की थांबायचं. हाताच्या खुणा काम सुरू होण्याआधी ठरवा, कारण मशीनच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. तुम्ही नेहमी त्याला दिसाल असे, बादलीच्या फिरण्याच्या टप्प्याबाहेर उभे राहा.

मजुरांशी सकाळी पाच मिनिटं बोला. मातीतला बदल सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येतो, तोही हाताला, डोळ्याला नंतर. फावड्याचा आवाज बदलतो, टिकाव अचानक खोल जातो. ‘दादा, आठे काहीतरी शे’ असं कुणी म्हणालं की हातातलं सोडून तिथं जा. दहापैकी नऊ वेळा दगड असला तरी जा, नाहीतर दहाव्या वेळी तो सांगणार नाही. ज्यानं दाखवलं त्याचं नाव वहीत लिहा आणि ते लिहिलेलं त्याला दाखवा. मात्र वस्तूमागं पैसे कबूल करू नका. तसं केलं की एका कोपऱ्यातली वस्तू दुसऱ्या कोपऱ्यात ‘सापडायला’ लागते आणि जागेची सगळी नोंद वाया जाते.

काय सोबत असावं

महागडं काही नको. गवंड्याची थापी, खुरपं, दोन ब्रश, ३० मीटरची आणि ५ मीटरची टेप, सूत, मोठे खिळे, ओळंबा, होकायंत्र, पांढरी पाटी आणि मार्कर, झिपच्या पिशव्या, जाड कागदाच्या चिठ्ठ्या, आलेखाचा कागद, पेन्सिल, बांधीव वही. एका सरळ काठीवर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवा, ती फोटोतलं माप. गवंड्याकडची वाळू चाळायची जाळी मागून घ्या. हेल्मेट आणि बंद बूट स्वतःसाठी.

आणि फवारणीचा पंप. शेतातल्या औषधाचा वास नसलेला, स्वच्छ धुतलेला. जळगाव-भुसावळच्या उन्हात चारीची भिंत घटकाभरात वाळून पांढरी पडते आणि सगळे थर एकाच रंगाचे दिसायला लागतात. बारीक फवारा मारला की रंग पुन्हा उठून येतात. फोटो त्याच वेळी घ्यायचा. उन्हाळ्यात महत्त्वाचं बघणं सकाळी दहाच्या आत उरकेल असा क्रम लावा.

शून्य ठरवा

खोदकामाआधी वाड्याच्या जोत्यावर, हलणार नाही अशा दगडावर एक खूण करा. ही तुमची शून्य पातळी. पुढची प्रत्येक खोली या खुणेपासून खाली मोजायची; ‘जमिनीपासून’ कधीच नाही, कारण काम सुरू झालं की जमीन रोज बदलते. गवंड्याची पाण्याची नळी यासाठी पुरते. जागेसाठी वाड्याचे मागचे दोन कोपरे धरा आणि प्रत्येक गोष्टीचं दोन्ही कोपऱ्यांपासूनचं अंतर लिहा. दोन अंतरं असली की नकाशावर बिंदू अचूक बसतो.

माती कशी वाचायची

याला वेळ द्या. बाकीचं सगळं एखाद्या दिवसात शिकता येतं, माती वाचणं मात्र बघून बघूनच येतं.

खानदेशात खाली मूळची जमीन बहुतेक ठिकाणी काळी, त्याखाली मुरूम; नदीकाठी पिवळसर गाळाची. गावठाणाची माती मात्र पांढरी. राख, शेण, ढासळलेल्या भिंती, धाब्यावरची माती, सगळं वर्षानुवर्षं एकावर एक साचून ती पांढरट, भुसभुशीत झालेली असते. खापरं, कोळसा, हाडांचे तुकडे हिच्यातच मिळतात. प्रकाशे इथं तापी-गोमाईच्या संगमावर १९५४-५५ साली, आणि त्याच दशकात चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळला उत्खनन झालं, ते अशाच पांढरीत. तिथं ताम्रपाषाण काळापासूनच्या, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरात होती तेव्हापासूनच्या, वस्त्या थरावर थर मिळाल्या. तुमच्या परसात तेवढं जुनं काही असेलच असं नाही, पण वाचायची रीत तीच.

साधा नियम असा की खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. तो मोडतो खड्ड्यामुळे. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी राखेसाठी खड्डा खणला तर ती राख आजूबाजूच्या थराच्या खोलीवर असली तरी त्या थराहून नंतरची. म्हणून रंग बदलला की पहिला प्रश्न: हा आडवा थर आहे की वरून खणलेल्या खड्ड्याची कड? थापीनं भिंत हलकेच खरवडा, फवारा मारा आणि कड कुठल्या थरातून सुरू होते ते शोधा. जिथून सुरू होते तो खड्ड्याचा काळ. पायाची चारीही अशीच ओळखायची, आणि वाडा कधी उभा राहिला हे बऱ्याचदा तिच्यातल्या भरावावरूनच ठरतं. पाया खणताना पडलेलं सगळ्यात नंतरचं खापर किंवा नाणं ज्या काळचं, बांधकाम त्याच्या आधीचं नाही.

काळ्या मातीबाबत सावध राहा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मणी, बांगडीचा तुकडा, लहान नाणं वरून भेगेत पडून दोन-तीन हात खाली जातं आणि पावसात भेग मिटते. म्हणून काळ्या मातीत खोलवर एकटीच बारीक वस्तू मिळाली तर तिच्यावरून थराचा काळ ठरवू नका. उंदराची बिळं आणि कडुनिंबाची मुळं हाच घोळ करतात.

एक उदाहरण जवळून सांगतो. चोपड्यात एका परसात कॉलमचा खड्डा घेतला होता. भिंतीत नखाएवढ्या जाडीचे पट्टे दिसत होते: पिवळसर, मग काळपट रेघ, पुन्हा पिवळसर, पुन्हा काळपट, असे एकावर एक. ती सारवलेली जमीन होती. काळपट रेघा वावरण्याच्या, पिवळसर पट्टे पुन्हा माती घालून सारवल्याचे. डाव्या बाजूला हे पट्टे सपाट होते. उजवीकडे जाताना सगळेच्या सगळे एका जागी वर वळले आणि तिथंच संपले. तिथं भिंत होती. भिंतीची माती केव्हाच दुसरीकडे गेलेली, दगडही नव्हता. पण सारवणारा हात दर वेळी जमिनीवरून भिंतीच्या बुडावर चढला होता, तेवढं वळण शिल्लक होतं. त्यावरून एका खोलीची रुंदी मिळाली जी कुठल्या कागदात नव्हती. मशीन दातांच्या बादलीनं गेलं असतं तर त्या जागी फक्त पिवळसर ढेकळं दिसली असती.

परसात आणखी काय ओळखायचं? धान्याचं पेव: तोंड अरुंद, खाली पोट रुंद, आतून लिंपलेलं, तळाशी कधी कुजलेल्या काडाचा थर. बुजवलेला आड: गोल कड, आत डबर, फुटकी घागर, जुनी पत्र्याची बादली. उकिरडा: राखाडी, वासाची माती, हाडं आणि खापरं गच्च. न्हाणीची मोरी: उताराला लावलेल्या दगडी फरशा आणि त्यावर हिरवट, चिकट गाळ. गोठा: तुडवून घट्ट झालेली काळपट जमीन, खुंट्यांची गोल भोकं. या भोकांना फार लोक चुकतात. मातीत मुठीएवढा गोल काळा डाग दिसला की आजूबाजूला तसाच दुसरा शोधा. तीन ओळीत मिळाले तर मांडव, कुंपण किंवा गोठ्याची दावण.

काळ ठरवायला काही गोष्टी हाताशी ठेवा. प्लास्टिक आणि काँक्रीट दिसतंय तोवर आपण अलीकडेच आहोत. मंगलोरी कौल ज्या थरात आहे तो १८६५ नंतरचा, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना त्या साली सुरू झाला. कंपनी सरकारच्या पाव आण्याच्या तांब्याच्या नाण्यावर १८३५ हे साल दिसतं. नाणी मात्र नंतरही बरीच वर्षं वापरात राहतात, म्हणून थर त्या सालानंतरचा एवढंच म्हणायचं. मातीच्या चिलमीचा तुकडा मिळाला तर तो थर सहसा सतराव्या शतकाआधीचा धरत नाहीत. तंबाखू इकडे पसरला तो तेव्हा. थाळनेर-बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांची सत्ता १६०१ साली अकबरानं आसीरगड घेतल्यावर संपली. त्यांच्या काळातली तांब्याची नाणी कधीमधी मिळतात, पण हिरवा गंज चढलेलं नाणं स्वतः वाचायचा प्रयत्न करू नका. आणि तांबड्या खापरावर काळ्या रंगाची नक्षी, वाजवलं तर खणखणीत आवाज, असं काही खालच्या थरात दिसलं तर ते ताम्रपाषाण काळातलं, जोर्वे पद्धतीचं असू शकतं. तापीकाठच्या सावळदा गावावरून जिचं नाव पडलं ती संस्कृती तर त्याहूनही आधीची. अशा वेळी काम थांबवून पुरातत्त्व कार्यालयाला फोन करायचा.

मशीन केव्हा थांबवायचं

प्रत्येक खापरासाठी थांबवलं तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला कुणी परसात येऊ देणार नाही. सुटी खापरं, बांगड्यांचे तुकडे, हाडकं चालू कामातच वेचा. थांबवायचं ते भिंत, फरशी, सारवलेली जमीन, पेवाचं तोंड, आडाची कड, अख्खं किंवा उभं पुरलेलं मडकं, नाण्यांचा साठा, नक्षीची जुनी खापरं किंवा कोरीव दगड दिसला तर. शंका आली तरी थांबवा, खरवडून बघा, काही नसेल तर लगेच पुढं जाऊ द्या.

माणसाचं हाड वाटलं तर सगळंच थांबतं. ते हलवायचं नाही, फोटो घेऊन समाजमाध्यमांवर टाकायचा नाही. ओल्या गोणपाटानं झाका आणि मालकाकडून पोलिसांना कळवा, सोबत पुरातत्त्व कार्यालयाला. हाड किती जुनं हे आपण ठरवायचं नाही. ताम्रपाषाण काळात जोर्वे लोक लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. अलीकडच्या काळातही तान्ही मुलं घराजवळ पुरल्याची उदाहरणं आहेत. घरातल्यांना हे कळतं तेव्हा त्यांच्या मनावर ताण येतो. त्यांना थोडा वेळ द्या. दिवा लावायचा असेल तर लावू द्या.

जिवाची काळजी

पेवात किंवा बुजलेल्या आडात कुणीही उतरायचं नाही. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेवात जीव घेणारी हवा साचते आणि तिला वास नसतो; एक उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. तोंड उघडं पडलं की वरूनच फोटो, वरूनच माप, आणि भोवती दोर.

कमरेपेक्षा खोल चारीत फळ्या आणि आडव्या टेक्यांच्या आधाराशिवाय उतरू नका. पांढरी माती कोरडी असताना न सांगता ढासळते, काळी ओली असताना. वाड्याच्या मागच्या भिंतीचा पाया बऱ्याचदा उथळ असतो. नवी चारी त्याला खेटून आणि त्याहून खोल जात असेल तर इंजिनिअरला त्याच क्षणी सांगा; इथं तुमची देखरेख वाड्यालाही वाचवते. काढलेली माती चारीच्या काठावर ढीग करून ठेवू देऊ नका.

सापडलेल्या वस्तू

प्रत्येक पिशवीत दोन चिठ्ठ्या, एक आत आणि एक बाहेर बांधलेली. तिच्यावर गाव, वाडा, तारीख, खड्ड्याचा क्रमांक, थराचा क्रमांक, शून्यापासून खोली. चिठ्ठी नसलेलं खापर म्हणजे रस्त्यावरचं खापर. सगळी खापरं ठेवणं जमत नसेल तर काठ, बूड, नक्षी आणि चकाकी असलेली ठेवा आणि बाकीची मोजून संख्या लिहा.

पेव, उकिरडा, चूल यांची निदान दोन-तीन घमेली माती जाळीतून चाळा. मणी, माशांचे काटे, काकणांचे बारीक तुकडे त्यातच मिळतात. राखेची माती बादलीभर पाण्यात हलकेच ढवळली की जळके दाणे वर तरंगतात. ते मलमलच्या फडक्यात गाळून सावलीत वाळवा. त्या घरात ज्वारी होती की बाजरी, कोणती डाळ होती, हे अभ्यासकांना त्यावरून सांगता येतं. मला स्वतःला नाण्यापेक्षा हे जळके दाणे जास्त मोलाचे वाटतात. नाणं कुणाच्याही कनवटीला येऊन पडतं, दाणे त्या घरच्या चुलीतले असतात.

खापरं साध्या पाण्यात मऊ ब्रशनं धुवा. धातू धुवायचाच नाही. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांतलं काहीही नाण्याला लावलं की अक्षरं जातात. लोखंड कोरड्या पिशवीत वेगळं ठेवा.

आता कायदा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत, किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंतीतसुद्धा, लपवलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर सापडवणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय मिळालं, अंदाजे किंमत, कुठं, कधी. लपवलं तर आपला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ‘माझ्या घरात माझ्या आजोबांनी पुरलं’ हा दावाही तिथंच मांडायचा, परस्पर वाटणी करायची नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती, नाणी, कोरीव वस्तू पुरावस्तू ठरतात, हस्तलिखितांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. गाडी घेऊन दारात येणाऱ्या जुन्या वस्तूंच्या दलालाला आत घेऊ नका.

लिहिणं

नोंद त्याच दिवशी, त्याच जागी. रात्री घरी लिहू म्हटलं की दुसऱ्या खड्ड्याची खोली पहिल्याला लागते. प्रत्येक थराला आणि प्रत्येक खड्ड्याला वेगळा क्रमांक द्या. रंग साध्या शब्दांत लिहा: राखाडी, विटकरी, हळदीसारखा पिवळा. कशाच्या वर, कशाच्या खाली, कशानं कापलं, हे तीन संबंध लिहिल्याशिवाय थराची नोंद पुरी होत नाही.

फोटोत पाटी, मापाची काठी आणि उत्तरेचा बाण हवाच. उभ्या भिंतीचं चित्र आलेखाच्या कागदावर काढा, कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे जागेवर दहा. वरून सूत आडवं बांधायचं, दर अर्ध्या हाताला त्यापासून खाली मोजायचं. फोटो असताना चित्र कशाला, असं नवीन मुलं विचारतात. चित्र काढताना प्रत्येक रेघ कुठून कुठं जाते ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवतानाच खड्ड्याची कड लक्षात येते.

काही मिळालं नाही तो दिवसही लिहा. दीड मीटरपर्यंत नुसता मुरूम लागला, वस्ती नाही, ही सुद्धा गावाच्या हद्दीबद्दलची पक्की माहिती आहे, आणि पुढच्या वेळी शेजारच्या घराचं काम निघेल तेव्हा तीच आधी बघितली जाईल.

काम आटोपताना

जुनी भिंत किंवा फरशी नव्या पायाच्या आड येत नसेल तर ती काढू नका. तिच्यावर जाड कापड, मग धुतलेली वाळू, मग भराव, असं झाकून टाका आणि जागा नकाशावर दाखवा. आड येत असेल तर पूर्ण नोंद झाल्यावरच काढा. इंजिनिअरला थोडं पुढं-मागं सरकता येतं का हे एकदा विचारायला हरकत नाही, पुष्कळदा येतं.

अहवाल आठ-दहा पानांचा पुरतो: जागेचा नकाशा, थरांची यादी, चित्रं, फोटो, वस्तूंची यादी, आणि तुमचा अंदाज वेगळ्या परिच्छेदात, म्हणजे पाहिलेलं काय आणि वाटलेलं काय हे वाचणाऱ्याला वेगळं कळेल. एक प्रत मालकाला, एक नाशिकच्या पुरातत्त्व कार्यालयाला, एक नगरपालिकेच्या वाचनालयात. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ खानदेशच्या इतिहासाची साधनं जपणारी जुनी संस्था आहे, तिथंही एक प्रत द्या. अहवालात सोन्या-चांदीच्या वस्तूंचा नेमका ठावठिकाणा मात्र छापू नका.

वस्तू सरकारजमा करायच्या नसतील आणि घरातच राहणार असतील तर पत्र्याची पेटी घ्या, प्लास्टिकचे हवाबंद डबे नकोत, आत ओल धरते. जड खापरं तळाला, काच आणि मणी वर, धातू वेगळ्या डब्यात. पेटी माळ्यावर नको, उंदीर चिठ्ठ्या खातात. झाकणाच्या आतून वस्तूंची यादी चिकटवा आणि अहवालाची प्रत त्याच पेटीत ठेवा.